विश्लेषण : गाडीची काच अडकली, दोष मोटरचाच कशावरून?

कृष्णा-वारणा खोऱ्यातील ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरात पुराच्या पाण्यात गाडी अडकली, तर काच हाच सुटकेचा मार्ग ठरू शकतो. त्यामुळे बंद पडलेली पॉवर विंडो ही केवळ गैरसोय नव्हे. मात्र नवी मोटर बसवण्याआधी नेमका दोष शोधणे गरजेचे असते.

तपासणी कशी करतात?

सर्वच काचा बंद असतील, तर आधी फ्यूज पाहावा. शेजारच्या किंवा मागच्या दाराची एकच काच अडली असेल, तर ती चालकाकडील आणि त्या दारावरील अशा दोन्ही बटणांनी चालवून पाहावी. एकाने चालली, तर मोटर ठीक आहे. मोटरचा आवाज येतो, पण काच हलत नाही, तेव्हा बहुधा काच उचलणारी केबल तुटलेली असते. आवाजच नसेल, तर बटण दाबून मोटरच्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावतात. दिवा लख्ख पेटूनही मोटर फिरत नसेल, तर दोष मोटरचा. दिवा पेटलाच नाही, तर बटण किंवा बिजागरीजवळची वायर तपासावी.

बटण इतके महत्त्वाचे का?

टोयोटाने २०१२ मध्ये जगभरातील सुमारे ७४ लाख गाड्या परत मागवल्या, त्या चालकाकडील पॉवर विंडोच्या बटणातील दोषामुळे. म्हणूनच मोटर बदलण्याआधी ही चाचणी करून घेतल्यास नाहक खर्च टळतो.