ते वाक्य योसेफाचे

दुःखामागेही देवाची योजना असते, या विश्वासावर कितीतरी ख्रिस्ती घरे तगली आहेत. माझाही तो विश्वास आहे. म्हणूनच हे वाक्य कोणी कोणाला ऐकवावे, याचा बीड जिल्ह्यातल्या मंडळ्यांनी विचार करावा असे वाटते.

दसरा-दिवाळी उरकली की इथल्या गावांतून ऊसतोडीच्या जोड्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत अंधारात उठून फड गाठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. एक दिवस अंग टाकले की खाडा, आणि त्याचा दंड उचलीवर चढतो. पाळी आली, ओटीपोट दुखले, तरी खाडा चुकत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या चौकशीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

यांत आपल्या मंडळीतल्या किती, हा प्रश्न गौण आहे. अशा बाईशेजारी बसून ‘देवाच्या मनात काही चांगलंच असेल’ म्हणायला काही लागत नाही. पण खाड्याचा दंड माणसाने लावला, गर्भपिशवी ठेवली तर कॅन्सर होईल ही भीती माणसाने घातली, शस्त्रक्रियेचे पैसेही माणसानेच घेतले. देवाचे नाव मध्ये आले की ही सगळी माणसे अलगद सुटतात.

योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकले आणि तिथेच ते जेवायला बसले. पुढे त्याला मिसरला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकले. कितीतरी वर्षांनी, बाप वारल्यावर, तेच भाऊ भीतीने त्याच्या पाया पडले. तेव्हा, त्यांचा हेतू दुष्टच होता हे न लपवता, देवाने त्यातून भले केले असे योसेफ बोलला. हे बोलण्याचा अधिकार त्याचा होता. खड्ड्याच्या काठावर भाकरी मोडताना भावांनी तेच म्हटले असते, तर ती देवाची निंदा ठरली असती. इयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर खरे मित्र होते. दुःखाचा अर्थ लावू लागले आणि देवाचा कोप ओढवून बसले.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाने नेले, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती. या सगळ्यातून देवाने आपल्याला कसे चालवले, हे त्यांनी पुढे लिहिले, पण ते स्वतःच्या आयुष्याबद्दल. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा उपाशी पोरींना योजना समजावत बसल्या नाहीत. शेकडो जणींना घेऊन आल्या; केडगावला त्यांना पोटभर अन्न, शाळा आणि हाताला काम मिळाले.

फडावरून परतलेल्या बाईला आपल्या दुखण्यात देवाचा हात दिसला, तर ती आपणहून उभी राहून साक्ष देईल, आणि ती मंडळीने मान खाली घालून ऐकावी. तोवर पिशवी काढायला सांगितलेल्या बाईबरोबर दुसऱ्या डॉक्टरकडे कोण जाणार, उचलीचा हिशेब तिच्यासाठी कोण तपासणार, हे येत्या रविवारी उपासनेनंतर नावानिशी ठरवून टाकावे.