फरशीची धूळ आणि मिस्त्रीची छाती

जळगाव असो की धुळे, नवी कॉलनी उठत असली की मार्बल कटरचा आवाज लांबूनच कानी येतो आणि पांढरा धुराळा दिसतो. फरशी बसविणे, ओट्याचा ग्रॅनाइट कापणे, लाइट फिटिंगसाठी भिंतीत झिरी मारणे या कामांत आपले पुष्कळ कारागीर आहेत. तोंडाला रुमाल बांधला की झाले, असा त्यांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे.

सिमेंटने हात फाटतात हे सर्वांना ठाऊक आहे. छातीला मात्र खरा धोका वाळू, ग्रॅनाइट व टाइल्समधील सिलिकाचा. खानदेशच्या काळ्या दगडात तो कमी असतो; ओट्यासाठी हल्ली येणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीत नव्वद टक्क्यांहूनही अधिक असू शकतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांवर बंदीच घातली. या धुळीचे घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते रुमालातून आरपार जातात आणि फुप्फुसात व्रण करतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. झालेले नुकसान कोणत्याही औषधाने भरून येत नाही. ही धूळ कॅन्सरचे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ सालीच जाहीर केले आहे.

हे दूरचे प्रकरण समजू नये. नंदुरबारला लागून असलेल्या अलिराजपूरचे आणि झाबुआ, धारचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडे क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि तरुण वयात दगावले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. फरशीकामात धूळ त्याहून कमी, पण ती वर्षानुवर्षे पोटात जाते. शिवाय मिस्त्री आज या साइटवर, उद्या त्या. त्याचा हिशेब कोण ठेवणार?

आणखी एक घोटाळा होतो. खोकला व दम लागला की टीबी समजून औषधे सुरू होतात. सिलिकोसिसच्या रोग्याला टीबीही लवकर जडतो, म्हणून ओळखणे कठीण. डॉक्टरांकडे जाताना आपला धंदा आणि किती वर्षे केला ते आधी सांगावे.

उपाय महागडा नाही. ब्लेडवर मिनिटाला अर्धा लिटर पाणी सोडले तर बहुतेक धूळ जागीच बसते. मशीन पाण्यात वापरण्याजोगे असावे, वायर तुटकी नसावी आणि बोर्डावर शॉक लागताच वीज तोडणारा स्विच असावा. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे. रुमालाऐवजी एन-९५ मास्क घट्ट बसवावा.

मग हे होत का नाही? कारण काम फुटाच्या भावाने ठरते. पाण्याने चिखल होतो, वेळ जातो, घरमालक कुरकुर करतो. म्हणून आमचे म्हणणे ठेकेदार बांधवांना आहे : भाव ठरवितानाच ओल्या कटिंगचे पैसे धरा आणि घरमालकाला तसे सांगा. ब्लेड विकणाऱ्या दुकानदारांनीही मास्कचा डबा गल्ल्याजवळ ठेवावा. चारशे रुपयांची ब्लेड घेणारा मास्कला नाही म्हणणार नाही.