आठवलेसाहेब, बलात्काराला दोन वर्षं कुणी ठरवली?

शिर्डी, जि. अहिल्यानगर
10 जानेवारी 2025

मा. रामदासजी आठवले,
केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता राज्यमंत्री,
नवी दिल्ली



तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा अमलात येऊन आज बरोबर पाच वर्षं झाली. कायदा तुमच्या खात्याचा. 10 जानेवारी 2020 ला तो लागू झाला तेव्हा तुम्ही या खात्याचे राज्यमंत्री होतात, आजही आहात. याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे नेमलेल्या राष्ट्रीय परिषदेचं उपाध्यक्षपद तुमच्या खात्याच्या राज्यमंत्र्याकडे असतं. म्हणून मागचं सगळं पुराण सांगत नाही. कलम 18 काढा आणि वाचा.

तृतीयपंथी माणसावर शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक किंवा आर्थिक अत्याचार केला, तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. पाचही अत्याचार एका दमात लिहिले आहेत आणि पाचांना शिक्षा एकच. शिवीगाळ केली तरी वरची मर्यादा दोन वर्षं, चौघांनी धरून बलात्कार केला तरी या कलमाखाली दोनच वर्षं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 64 मध्ये बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत, कमाल जन्मठेप. सामूहिक असेल तर कलम 70 प्रमाणे किमान वीस. आम्हा बायकांच्या बाबतीत जिथे मोजणी सुरू होते, त्याच्या पाचव्या हिश्शावर तृतीयपंथीयांची संपते.

आणि हे फक्त शिक्षेपुरतं असतं तरी एक वेळ वाद घालता आला असता. नागरिक सुरक्षा संहितेची पहिली अनुसूची सांगते की दुसऱ्या कायद्यातला गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल आणि त्या कायद्यात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो अदखलपात्र आणि जामीनपात्र. तुमच्या कायद्यात वेगळं काही म्हटलेलं नाही. म्हणजे बलात्कार झालेली तृतीयपंथी व्यक्ती ठाण्यात गेली तर ठाणे अंमलदार एनसी लिहून घेणार, चिठ्ठी हातात देणार आणि कोर्टात जा म्हणणार. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. आदेश येईपर्यंत अंगावरचे कपडे धुतले गेलेले असतात, जखमा सुकलेल्या असतात आणि ज्याने केलं तो त्याच रस्त्यावर उभा असतो. माझ्या ओळखीतल्या एकीच्या हातात अशी चिठ्ठी मी पाहिली आहे. ठाण्याचं नाव घेत नाही, कारण त्या अंमलदाराने कायद्याबाहेर काहीच केलं नव्हतं. भला अधिकारी असेल तर मारहाणीचं, डांबून ठेवल्याचं कलम लावतो, कधी गंभीर दुखापतीचंही. पण ज्या गुन्ह्यासाठी ती रात्री रिक्षा करून ठाण्यात आली, तो गुन्हा त्या कागदावर कुठेच येत नाही.

वयाचा हिशोब आणखी भयंकर आहे. पोक्सो कायदा मूल मुलगा की मुलगी की तृतीयपंथी हे पाहत नाही. अठरा पूर्ण होण्याच्या आदल्या रात्री एखाद्या तृतीयपंथी मुलावर हा अत्याचार झाला तर किमान दहा वर्षं, सोळाच्या आत असेल तर किमान वीस. दुसऱ्या दिवशी तोच अत्याचार, तोच माणूस, तीच खोली, आणि प्रकरण दोन वर्षांवर येतं. ही मुलं लहानपणी घरातून हाकलली जातात, शाळेतून गळतात. अठराव्या वर्षी त्यांच्यामागे ना घर असतं ना गाव. कायद्याचं छत्र नेमकं तेव्हाच काढून घेतलं जातं.

30 जून 2024 पर्यंत निदान भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम 377 होतं. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला त्यातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, ते योग्यच झालं. पण जबरदस्तीचा भाग न्यायालयाने ठेवला होता आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप होती. 1 जुलैला नवी संहिता आली आणि तेही गेलं. ते चुकून राहिलं असं कुणी म्हणू नये. गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीने नोव्हेंबर 2023 मध्येच अहवालात लिहून दिलं होतं की पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यावरच्या जबरदस्तीसाठी हे कलम राहू द्या. सरकारने ते मानलं नाही. संहितेच्या कलम 2 मध्ये लिंग या शब्दाच्या व्याख्येत तृतीयपंथी आले, बलात्काराच्या कलमात आले नाहीत. मग लोक न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2024 ला केंद्राला सांगितलं की शक्यतो सहा महिन्यांत निर्णय घ्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवा गुन्हा कायद्यात घालणं हे संसदेचं काम आहे. ती सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारीअखेर संपते. तुमच्या खात्याने यावर गृह खात्याला काय कळवलं आहे? काही कळवलं आहे का?

हा कायदा मंजूर कसा झाला तेही तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. लोकसभेत 5 ऑगस्ट 2019 ला, ज्या दिवशी सगळा देश काश्मीरच्या 370 कलमाकडे बघत होता. राज्यसभेत 26 नोव्हेंबर 2019 ला, ज्या दिवशी आम्ही महाराष्ट्रातली माणसं फडणवीसांचा राजीनामा बघत टीव्हीसमोर बसलो होतो. प्रवर समितीकडे पाठवा, अशी मागणी झाली, ती मतदानात पडली. 26 नोव्हेंबर हा संविधान दिन, साहेब. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या दिवशी, ज्या सभागृहाचे तुम्ही सदस्य आहात त्या सभागृहात, माणसामाणसाच्या शरीराची किंमत वेगळी ठरवणारं कलम मंजूर झालं.

हे पत्र मी दुसऱ्या कुणाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे त्याचं कारण इथे आहे. तुम्ही दलित पँथरमधून आलात. दुबळ्या समाजासाठी विशेष कायदा करायचा म्हणजे काय करायचं, हे दिल्लीत तुमच्याइतकं कुणाला कळणार? 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा घ्या. ज्या गुन्ह्याला साध्या कायद्यात दहा वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे, तो एखाद्यावर, तो दलित किंवा आदिवासी आहे हे ठाऊक असताना केला, तर कलम 3(2)(v) प्रमाणे जन्मठेप. ज्याला समाज जास्त मारतो त्याला मारणाऱ्याला शिक्षा जास्त, असा तो कायदा आहे. दलित तरुणांच्या हत्या झाल्या ती सोनई आणि खर्डा ही गावं याच जिल्ह्यात आहेत. त्या कायद्याचा आधार नसता तर काय झालं असतं, आणि तो असूनही काय झालं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच देशात, तीस वर्षांनी, तुमच्या खात्याने दुसऱ्या एका हाकललेल्या समाजासाठी विशेष कायदा केला आणि त्यात शिक्षा खाली आणली. दलितावरच्या अत्याचाराला साध्या शिक्षेचा पाचवा हिस्सा लावणारा कायदा कुणी आणला असता तर तुम्ही रस्त्यावर उतरला असता. आणि आम्हीही आलो असतो.

आता बायकांचं बोलते, कारण हा विषय निघाला की आमचं नाव पुढे केलं जातं. तृतीयपंथीयांना जास्त दिलं तर बायकांचं संरक्षण पातळ होईल, असं सांगितलं जातं. या म्हणण्यातला खरा भाग मी नाकारत नाही. जानेवारी 2013 मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला. तृतीयपंथीयांवर बलात्कार होतात हे त्या समितीने मान्य केलं होतं आणि कायद्याने त्याची दखल घ्यावी असं म्हटलं होतं. 3 फेब्रुवारीला सरकारने वटहुकूम काढला, त्यात पीडित कुणीही आणि आरोपीही कुणीही असं करून टाकलं. स्त्री संघटना चिडल्या, आणि बरोबर चिडल्या. तक्रार करणाऱ्या बाईवरच उलटी तक्रार ठोकण्याचा रस्ता त्यातून मोकळा होत होता. पुढे कायदा झाला तेव्हा बाई पीडित आणि पुरुष आरोपी हे परत आलं. आमचं ठीक झालं. पण त्या दुरुस्तीत तृतीयपंथीयांना कुठेच जागा उरली नाही आणि बारा वर्षांत कुणी ती करूनही दिली नाही. मी बाई म्हणून सांगते, बाईच्या कलमातला एक शब्दही हलवू नका. त्याच्या शेजारी दुसरं कलम लिहा: तृतीयपंथी व्यक्तीवर किंवा पुरुषावर जबरदस्ती झाली तर शिक्षा तीच, गुन्हा दखलपात्र, जामीन नाही. यात आमचं काय कमी होणार आहे?

शिर्डीत राहून बायकांच्या सुरक्षेबद्दल आम्हाला कुणी शिकवू नये. इथून माणसं बेपत्ता होतात, त्यात बायका आहेत. नोव्हेंबर 2019 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने नोंद घेतली की शिर्डीतून एका वर्षात 88 हून अधिक लोक बेपत्ता झाले, आणि मानवी तस्करीच्या बाजूने तपास करायला सांगितलं. इथून तास-दीड तासावर शनिशिंगणापूर. तिथल्या चौथऱ्यावर चढण्यासाठी बायकांना 2016 पर्यंत थांबावं लागलं. मंदिरप्रवेशाचा 1956 चा कायदा आमच्या बाजूने असूनही उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला चौथरा उघडला. आम्हाला अडवणाऱ्या हातांमध्ये तृतीयपंथीयांचा एकही हात नव्हता.

बायकांच्या स्वच्छतागृहात तृतीयपंथी आले तर काय, ही चिंता मात्र मला समजते. परगावाहून लेकीबाळींना घेऊन येणाऱ्या माणसाला ती वाटणारच, मलाही वाटते. त्यावर उपाय म्हणजे दिवा, आतून लागणारी कडी, दारात बाई रखवालदार आणि तृतीयपंथीयांसाठी वेगळी सोय. 15 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी स्वच्छतागृहं बांधायला सांगितलेलंच आहे. ती बांधायची नाहीत आणि मग बायकांच्या भीतीचं कारण द्यायचं, हे चालणार नाही. गाडीत, बाजारात पैसे मागताना कुणी दांडगाई केली तर खंडणीचं कलम आहे, ते लावा. मी कुणाची पाठराखण करत नाही.

राखीव जागांचंही तसंच. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला तृतीयपंथी असलेल्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीत महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला, निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी 2021 ला तो मान्य करायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. बायकांची एक जागा गेली, असं तेव्हा काही जण म्हणाले. ज्या गावांत राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीत तिचा नवरा बसतो, सह्या तोच करतो, तिथे बायकांच्या किती जागा जातात ते यांनी कधी मोजलं का? पुढे 16 मार्च 2023 ला मुंबई उच्च न्यायालयाने शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या व्यक्तीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते असं ठरवलं. म्हणजे निवडणुकीत ती बाई, नवऱ्याच्या मारहाणीपुरती बाई, आणि बलात्काराच्या तक्रारीला गेली की ती कोण हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. एका न्यायाधीशाने एक ठरवायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि तोवर ज्याच्यावर बेतलं त्याने वकिलाची फी जमवत बसायचं. 2011 च्या जनगणनेत देशभरात 4,87,803 जणांनी स्वतःची नोंद पुरुष वा स्त्री सोडून इतर अशी केली, त्यातले 40,891 आपल्या महाराष्ट्रात. भीतीपोटी ज्यांनी लिहिलंच नाही ते वेगळे. यांच्यातल्या प्रत्येकाने एकेका प्रसंगासाठी उच्च न्यायालय गाठायचं का?

रविवारी, 12 तारखेला भाजपचं प्रदेश अधिवेशन आमच्या गावात आहे. गृहमंत्री अमित शहा येणार आहेत. संहिता त्यांनीच लोकसभेत मांडली, आणि तुम्ही सरकारमधले त्यांचे सहकारी. त्यांच्याशी बोला. इथे बोला नाहीतर दिल्लीत बोला, पण फेब्रुवारी संपण्याआधी बोला. लैंगिक अत्याचार कलम 18 मधून बाहेर काढून संहितेत आणा, तो दखलपात्र करा आणि दिल्ली उच्च न्यायालयाला तारखेसकट कळवा. दुरुस्ती होईपर्यंत अशा तक्रारीत एनसीवर बोळवण करू नये, संहितेतली लागू होणारी कलमं लावून एफआयआर घ्यावा, वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी व्हावी, असं परिपत्रक गृह खात्याकडून सगळ्या राज्यांना पाठवा. याला विधेयक लागत नाही.

2009 ला तुम्ही शिर्डीतून लोकसभेला उभे होतात. गेल्या निवडणुकीआधीही इथून लढण्याची इच्छा तुम्ही बोलून दाखवली होती. पुन्हा आलात तर या मतदारसंघातल्या बायका तुम्हाला कलम 18 चं काय केलंत ते विचारतील. उत्तर घेऊन या.

आपली,
शिर्डीची एक मतदार