‘दुरुस्तीच्या पैशांत नवी येईल!’

आपल्या घराघरांतून एक वाक्य अलीकडे वारंवार कानी पडते. मिक्सर बिघडला, पंखा कुरकुरू लागला, घड्याळ बंद पडले की घरातील कर्ती माणसे क्षणाचाही विचार न करता निकाल देतात, “दुरुस्तीच्या पैशांत नवी येईल!” या वाक्यात व्यवहार आहे, शहाणपण आहे, असा आपला समज झालेला आहे. माझ्या मते त्यात व्यवहार थोडा आणि आळस फार आहे. हे वाक्य एखाद्या वाद्याविषयी उच्चारले जाते, तेव्हा तर तो निव्वळ अविचार ठरतो. आज मी जुन्या, एकदा विकल्या-घेतल्या गेलेल्या इलेक्ट्रिक गिटारचीच बाजू मांडणार आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु माणसाची वस्तूंविषयीची नीती किरकोळ वस्तूंवरच पारखली जाते.

ही गिटार आपल्याकडे आली कशी, ते आठवून पाहा. १९९१ पूर्वी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि करही जबर होते. जहाजावर नोकरीला असलेला मामा किंवा आखातात गेलेला काका सुटीवर येताना सामानातून एखादी गिटार घेऊन येई. काही वर्षे ती लग्नाच्या मांडवात, नाताळच्या कार्यक्रमात वाजे. मग संसाराच्या रेट्यात तो ती कुणाला तरी अर्ध्या किमतीत देऊन टाकी. अशा दोन-तीन घरांतून फिरत फिरत ती कुणाच्या तरी पोटमाळ्यावर विसावली. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर अशा किती गिटारी धूळ खात पडल्या असतील! तारा गंजलेल्या, एक बटण हरवलेले, वायर लावताच खरखर. आणि एके दिवशी घरातला चौदा वर्षांचा मुलगा ती खाली काढतो आणि विचारतो, “पप्पा, ही नीट होईल का?”

समजा, कारागीर ४,००० रुपये सांगतो. बाप मोबाईलवर पाहतो, तर नवी गिटार ८,००० रुपयांना दिसते. लगेच ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारले जाते आणि विषय संपतो. बहुधा नवीही येत नाही, आणि जुनी पुन्हा पोटमाळ्यावर जाते.

या हिशेबातील चूक कोठे आहे? पहिली चूक तर उघडच आहे : चार म्हणजे आठ नव्हेत. पण ती सोडून देऊ. कुणी म्हणेल, “ही जुनी गिटार बाजारात ३,००० रुपयांनाही कुणी घेणार नाही, मग तिच्यावर ४,००० कशाला घालायचे?” हा युक्तिवाद विक्रेत्याला शोभतो. तुम्हांला ती विकायची आहे काय? विकायची नसेल, तर बाजारभावाचा येथे संबंधच पोहोचत नाही. तुमच्यापुढचा प्रश्न एवढाच आहे की, याच तोडीचे वाजते वाद्य घरात आणायचे झाल्यास किती खर्च येईल? शिवाय स्वस्त नवी गिटार खोक्यातून निघते ती पुष्कळदा तारा उंच चढलेल्या, पडद्यांची टोके बोटांना खुपणारी, घोडी नीट न बसवलेली अशीच. ती बोटांखाली सुखाने वाजावी म्हणून तिलाही अखेर त्याच कारागिराकडे न्यावे लागते. तो खर्च आपल्या हिशेबात कधी धरला जातो काय?

आता वाद्याकडेच वळू. इलेक्ट्रिक म्हटले की आपल्याला वाटते, आत काहीतरी अगम्य यंत्र असणार. प्रत्यक्षात घरातील विजेच्या वस्तूंपैकी इतकी साधी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल. पोलादी तारेखाली लोहचुंबक असतो. त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वादक यालाच पिकअप म्हणतात. तार कंप पावली की वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो; तो आवाजाच्या आणि स्वरपोताच्या बटणांतून जॅकपर्यंत जातो आणि पुढे ॲम्प्लिफायरमध्ये मोठा होतो. नेहमीच्या साध्या बनावटीत आत बॅटरीसुद्धा नसते. खरखर येते ती बहुधा बटणाखाली धूळ व गंज बसल्यामुळे. आवाज मध्येच तुटतो तो जॅकची पट्टी सैल झाल्यामुळे किंवा डाख सुटल्यामुळे. हे दोष पेचकस, डाख देण्याची इस्त्री आणि संपर्क साफ करण्याचा फवारा एवढ्यावर दूर होतात. बटणाखालचा भाग बदलावा लागला, तरी तो अडीचशे किंवा पाचशे किलोओहमचा साधा सुटा भाग असतो. पिकअप मेला की जिवंत आहे, हे मल्टिमीटर दोन मिनिटांत सांगतो : काही हजार ओहमचा आकडा दिसला तर वेढे शाबूत आहेत, काहीच दिसले नाही तर तार कोठेतरी तुटली आहे. तुटलेला पिकअपसुद्धा पुन्हा गुंडाळता येतो.

आज जगभर ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी चळवळ चालली आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. कारण ही यंत्रे अशी बनवली जाऊ लागली की, मालकाला ती उघडताही येऊ नयेत. जुन्या गिटारला मात्र असा हक्क कुणाकडे मागावा लागत नाही. तिच्या पाठीवरचे चार स्क्रू काढले की सारे अंतरंग उघडे! जी वस्तू दुरुस्त होण्यासाठीच जणू जन्मली आहे, तिलाच आपण दुरुस्तीवाचून मरू द्यावे, हा केवढा विपर्यास!

याचा अर्थ, प्रत्येक जुनी गिटार दुरुस्त करावीच असे मी म्हणतो काय? मुळीच नाही. निर्णय घ्यावा, पण तो किमतीवरून नव्हे, लाकडावरून घ्यावा. सहा तारा मिळून गिटारच्या दांडीवर सुमारे ४५ ते ५० किलोंचा ताण अहोरात्र देत असतात. तो सोसण्यासाठी दांडीच्या पोटात बहुधा पोलादी सळई घातलेली असते. तारेला पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरा आणि मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या पडद्यापाशी पाहा. तार आणि पडदा यांत केसाएवढी फट असेल तर दांडी सुस्थितीत आहे. फट मोठी असेल, तर ती सळई जाणत्या हाताने थोडी थोडी पिळून दांडी सरळ करता येते. पण दांडीला पीळ पडला असेल, सळई तुटली वा जाम झाली असेल, अंगाला वाळवी लागली असेल किंवा थरांचे लाकूड दमटपणाने फुगून सुटले असेल, तर मन घट्ट करावे. चार स्क्रूंनी जोडलेली दांडी असेल तर दुसरी बसवता येते. नसेल तर खुंट्या, पिकअप, बटणे काढून एखाद्या शिकाऊ कारागिराला द्यावीत. पूर्ण पाहून घेतलेला नकार हाही निर्णयच आहे. माझा रोष न पाहता दिलेल्या नकारावर आहे.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. गिटारबरोबर जुना ॲम्प्लिफायर आला असेल, तर जाणकाराने तपासल्याखेरीज तो चालू करू नये. गिटारच्या तारा आतून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. म्हणून अर्थिंग सदोष असेल तर धोका थेट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येतो. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्सी येथे लेस हार्वे हा तरुण गिटारवादक रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग यांवर घासाघीस करणारा बाप मुलाच्या जिवाशी घासाघीस करतो.

दुरुस्तीच्या बाजूनेही चुकीची कारणे पुढे येतात. त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. कुणी म्हणतो, “जुनी आहे, म्हणजे लाखांची असेल.” १९५० च्या दशकातील काही अमेरिकन गिटारींना संग्राहक अफाट किंमत देतात हे खरे, पण आपल्या पोटमाळ्यावरची गिटार त्यांच्या वंशातली नाही. हा लोभ सोडावा. कुणी म्हणतो, “मामांची आठवण आहे.” आठवणच जपायची असेल तर दुरुस्तीची गरज नाही, भिंतीवरचा खिळा पुरे. आणि कुणी केवळ पैसा वाचावा म्हणून दुरुस्ती करतो व वाचवलेला पैसा दुसऱ्याच चैनीत घालतो. दुरुस्तीचे खरे कारण एकच : ते वाजवायला उत्सुक असलेला हात घरात आहे. लाकूड धड आणि हात उत्सुक, या दोन गोष्टी जुळल्या की पुढचा प्रश्न ‘करावी का’ हा उरत नाही. ‘केव्हा नेता’ एवढाच उरतो.

“अशा भंगारावर शिकून काय होणार?” या आक्षेपाला इतिहासानेच उत्तर दिले आहे. फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला गायक. त्याच्या ‘क्वीन’ वाद्यवृंदातील गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ साली, किशोरवयात, वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली, कारण दुकानातली गिटार परवडत नव्हती. तिची दांडी एका जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून कोरली. किड्यांनी पाडलेली छिद्रे बुजवली. मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा वापरल्या, आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे खुणांसाठी जडवली. तीच गिटार २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर वाजली. दरम्यान, १९९८ मध्ये झिजलेल्या जागी तिची दुरुस्ती झाली होती. ज्याला हवी तशी नवी गिटार घेणे सहज शक्य होते, त्याने जुनी दुरुस्त करून घेतली! आणि आपण म्हणतो, “नवी येईल.”

आणखी एक गोष्ट. गिटारच्या दांडीवरची काळपट तांबूस पट्टी, जिच्यावर बोटे फिरतात, ती पुष्कळदा आपल्याच मातीतल्या शिसवीची असते. दक्षिण भारतातील शिसव परदेशी कारखान्यांत जाते आणि वाद्य बनून जगभर फिरते. हे झाड पक्व व्हायला कित्येक दशके लागतात. शिसवीच्या कुळाची लूट इतकी झाली की, २०१७ पासून त्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांखाली आला. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. आपल्या बापजाद्यांच्या काळातले झाड ज्या पट्टीत आहे, ती दोन रुपयांच्या जॅकपायी फेकून द्यायची काय?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले. त्याच परिपत्रकात त्यांनी असाही आशय मांडला आहे की, वस्तू चटकन टाकून न देता पुन्हा वापरणे ही, योग्य हेतूने केल्यास, प्रेमाची कृती ठरू शकते. ‘योग्य हेतूने’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. कारण या प्रेमाचा एक वाटेकरी आपण नेहमी विसरतो, तो म्हणजे कारागीर. दुकानातील छापील किमतीपुढे आपली जीभ लुळी पडते. पण कारागिराने मजुरी सांगितली की तीच जीभ तलवारीसारखी चालते. “एवढ्याशा कामाचे एवढे?” असे आपण विचारतो. काम एवढेसे दिसते, कारण ते शिकण्यात त्याची वीस वर्षे गेलेली असतात. पडदे घासून समतल करणे, घोडीची उंची बसवणे, स्वर प्रत्येक पडद्यावर नेमका येईल असे जुळवणे, हे कानाचे आणि हाताचे काम आहे. त्याचे दाम आपण देत नाही, म्हणून त्याचा मुलगा हा धंदा धरत नाही. आणि मग आपणच तक्रार करतो की, हल्ली दुरुस्त करणारे मिळत नाहीत! ते मिळत नाहीत, कारण आपण त्यांना जगू दिले नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे. ती गिटार या आठवड्यात खाली काढा. कापडाने पुसा, दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहा. लाकूड धड असेल तर कारागिराकडे न्या, आणि नेताना मुलाला बरोबर घ्या. त्याला शेजारी उभे राहून पाहू द्या. एखादा डाख त्याच्या हातून देऊ द्या. मजुरी सांगतील ती द्या. जे वाद्य त्याने आतून पाहिले, ते तो जपेल. आणि पुढे तार तुटली, आवाज खरखरला, तर तो तुमच्याकडे नव्या गिटारचा हट्ट धरणार नाही, पेचकस मागेल. आपल्या घरांत तशी मागणी ऐकू येऊ लागेल, तेव्हा ‘दुरुस्तीच्या पैशांत नवी येईल’ हे वाक्य आपोआप बंद पडेल. बिघडलेल्या वस्तूंपैकी तेवढी एक मात्र कुणी दुरुस्त करू नये.