उजेडाची देवळी

मराठी घरातला विजेचा दिवा दीर्घकाळ एक वस्तू होता. पिवळा बल्ब, मग ट्यूबलाइट, त्यानंतर सीएफएल आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर घरोघर पोचलेला एलईडी बल्ब. प्रत्येकाला स्वतःचा आकार होता आणि छतावर वा भिंतीवर ठरलेली जागा होती. एलईडी पट्टीने ही व्यवस्था मोडली. बहुधा पाच मीटरच्या गुंडाळीत मिळणारी, खुणेवर कात्रीने कापता येणारी, पाठीला चिकटपट्टी असलेली ही पट्टी म्हणजे आकार नसलेला दिवा आहे. तो कुठे बसवायचा, किती लांब ठेवायचा, डोळ्यांना दिसू द्यायचा की नाही, हे सारे घरात राहणाऱ्याने ठरवायचे असते. प्रत्यक्षात ते पीओपीवाला आणि वायरमन ठरवतात, आणि काम संपल्यावर घरातली मंडळी कौतुकाने छताकडे पाहतात.

आमचे म्हणणे असे, की ही पट्टी ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसते ती पन्हळ (बाजारात तिला ‘प्रोफाइल’ किंवा ‘चॅनेल’ म्हणतात) आणि तिच्यावरचे दुधी झाकण, म्हणजे डिफ्यूझर, या दोन गोष्टींनीच पट्टीचा दिवा होतो. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती सर्वांत आधी यांच्यावरच चालते. आणि दुसरे असे, की या दिव्याची जागा घरात वाचणाऱ्या माणसाने ठरवली पाहिजे. साहित्याच्या अभ्यासकांनी पीओपी आणि पट्ट्यांची चर्चा कशाला करावी, असे कोणाला वाटेल. पण पुस्तक वाचणे, टिपणे काढणे, उत्तरपत्रिका तपासणे ही आपली सारी कामे उजेडात होतात, आणि त्या उजेडाविषयी आपण फारच थोडा विचार केला आहे.

जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत देवळ्या आणि कोनाडे असत. त्यांत इतर वस्तूही ठेवल्या जात. पण दिवा ठेवण्याची देवळी ही त्यांतली विशेष. भिंत उभी राहतानाच उजेडाची जागा निश्चित झालेली असे. देवळीने तीन कामे केली. ज्योतीची धग आणि काजळी तिने एका ठिकाणी राखली, वाऱ्यापासून ज्योतीला आडोसा दिला, आणि दिवा हाताच्या टप्प्यात ठेवला. तेल घालणे, वात सारखी करणे, काजळी पुसणे हे रोजचे काम होते, त्यामुळे दिवा हाताशी असणे भागच होते.

अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ नेमकी हीच कामे करते. एलईडी तापत नाही, हा एक रूढ समज आहे. बल्बच्या तारेसारखी ती तापत नाही हे खरे. पण मिळालेल्या विजेचा बराच भाग तिच्यातही उष्णताच होतो, आणि ती उष्णता चिपच्या पाठीमागून बाहेर काढावी लागते. लाकडावर किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर नुसती चिकटवलेली पट्टी ही उष्णता कोणाला देणार? ती स्वतःच तापत राहते, उजेड लवकर मंदावतो, आणि त्याआधीच चिकटपट्टी सुटून पट्टी लोंबू लागते. कोकणातल्या दमट हवेत तर हे लवकर घडते. धातूची पन्हळ उष्णता पसरवते. तिच्यावरचे झाकण धूळ, झुरळे आणि पाली यांना दूर ठेवते. आणि पट्टी गेलीच, तर झाकण सरकवून ती बदलता येते.

आता डिफ्यूझरविषयी. नुसत्या पट्टीकडे पाहिले की प्रखर ठिपक्यांची रांग दिसते. प्रत्येक ठिपका लहान, म्हणून अधिकच टोचणारा. दुधी झाकण त्या ठिपक्यांचा प्रकाश विखरून सलग रेषा तयार करते. मात्र नुसते झाकण लावून हे साधत नाही. त्यामागे साधे गणित आहे. मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीत दोन दिव्यांमध्ये सुमारे १७ मिलिमीटर अंतर असते. १२० असतील तर सुमारे ८, आणि २४० असतील तर सुमारे ४. दिव्यापासून झाकणापर्यंतचे अंतर निदान इतके असावे, असा ढोबळ नियम आहे. आठ मिलिमीटर खोलीच्या पन्हळीत ६० दिव्यांची पट्टी घातली, तर झाकण लावूनही ठिपके दिसतच राहणार. मग दोष झाकणाला दिला जातो. खरा दोष निवडीचा असतो. अलीकडच्या सीओबी पट्ट्यांत चिप्स अगदी दाटीने बसवून त्यांवर फॉस्फरचा सलग थर दिलेला असतो, त्यामुळे उथळ पन्हळही पुरते. दुधी झाकण काही प्रकाश गिळते, प्रसंगी तिसरा हिस्साही. तो जमेस धरूनच पट्टीची शक्ती ठरवावी.

नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या पहिल्या उद्योतात दिव्याचा दृष्टान्त योजला आहे. प्रकाश हवा असलेला माणूस दीपशिखेची काळजी घेतो, कारण ती प्रकाशाचे साधन असते; व्यंग्यार्थाची ओढ असलेला रसिकही त्याचप्रमाणे वाच्यार्थाविषयी दक्ष राहतो. वर्गात हा दृष्टान्त आपण शब्द आणि अर्थ यांच्या संदर्भात शिकवतो आणि पुढे जातो. दिव्याच्या बाजूनेही तो वाचून पाहावा. शिखेची उपेक्षा करून प्रकाश मिळत नाही. आणि शिखेकडेच पाहत बसणाऱ्याला खोलीतले काही दिसत नाही. आपल्या घरांत आज ही दोन्ही टोके सुखाने नांदत आहेत. एकीकडे रिमोटवर रंग बदलणाऱ्या उघड्या पट्ट्या, ज्यांचे काम स्वतःकडे लक्ष वेधणे एवढेच. दुसरीकडे ‘चॅनेलचा खर्च कशाला’ म्हणून कपाटाखाली डकवलेली पट्टी, जी दोन पावसाळ्यांत लोंबू लागते.

पण याहून गंभीर गोष्ट जागेची आहे. नव्या सदनिकेत दिवाणखान्याच्या चारही बाजूंनी फॉल्स सीलिंगच्या खाचेत वीस-वीस मीटर पट्टी जाते. छत उजळते, खोली प्रशस्त भासते. त्याच घरात मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर मात्र तिच्या पाठीमागच्या दिव्यामुळे तिच्याच डोक्याची सावली पडलेली असते. छताला वीस मीटर आणि पानाला काहीच नाही, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. टेबलावरच्या फळीखाली एक-सव्वा मीटरची पन्हळ पुढच्या कडेजवळ, आतल्या बाजूला कललेली बसवली (त्यासाठी कोपऱ्यात बसणारी ४५ अंशांची पन्हळ मिळते), तर उजेड पानावर पडतो आणि डोळ्यांना दिवा दिसत नाही. पुस्तकांच्या कपाटातही हेच. पट्टी मागच्या फळीवर लावली की शोकेस झळकते आणि पुस्तकांचे कणे काळे पडतात. पुढच्या चौकटीच्या आतून लावली की नावे वाचता येतात. या एका निवडीवरून, कपाट पुस्तके शोधण्यासाठी आहे की दाखवण्यासाठी, हे कळते.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही रास्त आहेत. खाचेत खोल दडलेली पट्टी कोणाला दिसतच नाही, तिथे छत स्वतःच उजेड विखुरते. म्हणून तिथे दुधी झाकण अनावश्यक आहे, हे खरे. उष्णतेसाठी धातूचा आधार मात्र तिथेही हवा. दिवाळीत गॅलरीत सोडलेल्या माळेला डिफ्यूझर लावा, असेही आम्ही म्हणणार नाही. दीपमाळेची शोभा सुट्या सुट्या ज्योतींतच असते. खर्चाचा आक्षेप मात्र आम्ही उलटा करू इच्छितो. छतावरची वीस मीटर पट्टी पाचवर आणली, तर उरलेल्या पैशांत चांगली पन्हळ, जाड झाकण आणि रंग नीट दाखवणारी, म्हणजे नव्वदच्या वर रंगनिर्देशांक असलेली, पट्टी घेता येईल. जुनिचिरो तानिझाकीने १९३० च्या दशकात लिहिलेल्या सावल्यांवरच्या निबंधात, जपानी घर बांधताना विजेच्या तारा कशा लपवाव्यात या विवंचनेपासून सुरुवात केली आणि अतिप्रकाशाविषयीच्या तक्रारीपर्यंत तो पोचला. खोलीचा काही भाग अंधारा राहू देणे, हाही प्रकाशयोजनेचाच भाग आहे.

देवळीचा तिसरा गुण, हाताशी असणे, हा तर आज सर्वाधिक विसरला गेला आहे. पट्टी १२ किंवा २४ व्होल्टवर चालते. भिंतीतल्या २३० व्होल्टचे रूपांतर ड्रायव्हर करतो, आणि अनेकदा पट्टीच्या आधी तोच निकामी होतो. तो फॉल्स सीलिंगच्या वर बुजवून टाकला, की दुरुस्तीसाठी पीओपी फोडावे लागते. मीटरला १४ वॅटची पाच मीटर पट्टी एकूण ७० वॅट घेते. तिला ७० चाच ड्रायव्हर जोडून त्याला सतत पूर्ण भाराखाली राबवू नये, ९० चा घ्यावा. १२ व्होल्टची पट्टी लांब नेली की शेवटचे टोक मंद दिसते. अशा वेळी २४ व्होल्टची घ्यावी किंवा दोन्ही टोकांनी वीज द्यावी. या गोष्टी वायरमनला ठाऊक असतात. त्याला कोणी विचारत नाही, इतकेच.

दिवा ‘विझवणे’ अशुभ मानून आपण तो ‘मालवतो’. दिव्याशी बोलताना इतका संकोच बाळगणाऱ्या भाषेच्या माणसांनी त्याला जागा देतानाही थोडा विचार करावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. घराचे काम काढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही क्रम सांगतो तो असा: आधी वाचायची जागा ठरवा, मग तिथली पन्हळ, मग तिच्या खोलीला साजेशी पट्टी, आणि ड्रायव्हरपर्यंत हात पोचेल अशी झडप. छताचा विचार त्यानंतर, पैसे उरले तर.