बनावट नोट हातात आली, तर तुम्ही गुन्हेगार ठरता का?

दुकानदार पाचशेची नोट उजेडात धरून बघतो, मान हलवतो आणि परत देतो. नोट बनावट निघाली. आपण का नुकसान सोसायचं, असं म्हणत अनेक जण ती दुसऱ्या एखाद्या गर्दीच्या दुकानात खपवायला बघतात. कायद्याच्या दृष्टीने गुन्हा घडतो तो नेमका इथे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बनावट नोटा, नाणी आणि सरकारी स्टॅम्प तयार करणं कलम १७८ खाली, तर ते खरे म्हणून चालवणं कलम १७९ खाली येतं. दोन्हींना शिक्षा एकच: जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे कारखाना काढून नोटा छापणारा आणि माहीत असून एक नोट खपवणारा, दोघांसाठी शिक्षेची कमाल मर्यादा सारखीच. खरी म्हणून वापरण्याच्या इराद्याने अशी नोट नुसती जवळ बाळगली, तरी कलम १८० नुसार ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग नकळत फसलेल्या माणसाचं काय?

कळीचा मुद्दा आहे तो माहिती असण्याचा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर छत्तीसगडमधलं एक प्रकरण आलं. १८ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आंबे घेताना शंभराची बनावट नोट दिल्याचा आरोप होता. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला सोडलं. नोट बनावट आहे हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारी पक्षाने सिद्धच केलं नव्हतं. नव्या संहितेतही नोट कायदेशीर मार्गाने आल्याचं दाखवता आलं, तर ती बाळगणं गुन्हा नाही, असं स्पष्टीकरण कलम १८० मध्ये आहे.

दुकानदाराने नोट परत केल्यावर मात्र 'मला माहीत नव्हतं' म्हणायला फारशी जागा उरत नाही.

ती नोट बँकेत दिली, तर बँक तिच्यावर शिक्का मारून जप्त करते आणि पावती देते. नोट परत मिळत नाही, पैसेही नाहीत. प्रामाणिक माणसाला हे जाचक वाटणारच. पण भरपाई मिळू लागली, तर बनावट नोटा बँकेतच आणून देण्याचा धंदा सुरू होईल. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या, तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक निघाल्या, तर थेट गुन्हा नोंदवायला सांगते.

आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो चांदणीवाल्या नोटेचा मेसेज? क्रमांकात चांदणीचं चिन्ह असलेली नोट खरीच असते. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी ती घातलेली असते, हे रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.