खिशातले इंटरनेट आणि भिंतीवरचे

मोबाइलवर रोज दीड-दोन जीबी डेटा मिळत असताना घरात वेगळे वायफाय कशाला, हा प्रश्न आता महिन्याचा खर्च मांडताना घरोघरी निघू लागला आहे. दूध, वीज, गॅस, सोसायटीची वर्गणी यांच्या रांगेत ‘नेट’चा खर्चही येऊन बसला, आणि तोही दोनदा. एकदा प्रत्येकाच्या सिमकार्डावर आणि दुसऱ्यांदा भिंतीवरच्या त्या लुकलुकणाऱ्या डबीवर. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजतो आहोत की काय, अशी शंका गृहिणीला यावी हे स्वाभाविकच आहे. शंका रास्त आहे. उत्तर मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ इतके सोपे नाही.

ही शंका आपल्याच देशात इतक्या जोराने का यावी, याला थोडा इतिहास आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले आणि भारतात मोबाइलचे युग सुरू झाले. त्यानंतर अवघ्या पंधरवड्याने, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. दोन्ही भावंडे एकाच पावसाळ्यात जन्मली, पण वाढली वेगवेगळ्या घरांत. मोबाइल खिशात राहिला आणि इंटरनेट तारेच्या टोकाला. पाश्चात्त्य देशांत लोकांनी आधी घरी तारेवरून इंटरनेट घेतले, मग वायफाय आले आणि फोनवरचे इंटरनेट त्यानंतर. आपल्याकडे तार कोट्यवधी घरांपर्यंत पोहोचलीच नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरले आणि एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास असलेला दर बघता बघता दहा रुपयांच्या जवळ आला. बहुसंख्य भारतीयांना इंटरनेट पहिल्यांदा दिसले ते हातातल्या फोनच्या पडद्यावर. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘ट्राय’च्या २०२५ मधल्या आकडेवारीत तारेवरच्या ब्रॉडबँडचे ग्राहक चार कोटींच्या आसपास होते, तर मोबाइलवरच्या ब्रॉडबँडचे नव्वद कोटींच्या आसपास. जिथे घरातली तार हाच अपवाद, तिथे वायफायची गरज सिद्ध करावी लागते ती वायफायलाच!

मुळात वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. हा घोटाळा फार सार्वत्रिक आहे. बाहेरून काचतंतूच्या तारेने घरात आलेले इंटरनेट राउटरपासून तुमच्या फोनपर्यंत, म्हणजे शेवटचे दहा-पंधरा मीटर, रेडिओलहरींवरून पोहोचवायचे एवढेच वायफायचे काम. मोबाइल डेटाही रेडिओलहरींवरूनच येतो, फक्त तो एखाद-दोन किलोमीटरवरच्या टॉवरवरून येतो. (आमची वर्तमानपत्रे स्पेक्ट्रमला वर्षानुवर्षे ‘ध्वनिलहरी’ म्हणत आली. त्यात ध्वनीचा काहीही संबंध नाही, पण शब्द रुळला तो रुळलाच.) टॉवरच्या लहरींचा लिलाव होतो; २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी सरकारला सुमारे दीड लाख कोटी रुपये देऊ केले. वायफायच्या लहरी फुकट आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारताने २००५ मध्ये परवानामुक्त केला. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते, म्हणून ती सुरू असताना शेजारच्या खोलीतला व्हिडिओ कधीकधी अडखळतो.

फुकट आणि विकतच्या या फरकात प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. टॉवरच्या वाट्याला आलेला स्पेक्ट्रम मर्यादित असतो आणि तो त्या टापूतल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर उभे राहून कोणी फोटो पाठवायचा प्रयत्न केला असेल, तर त्याला हे सांगावे लागणार नाही. फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि फोटो मात्र जागचा हलत नाही. टॉवर जवळ आहे, पण हजारो फोन त्याच दारात उभे आहेत. घरच्या तारेचे तसे नाही. तीही काही घरांत वाटलेली असते, पण अपुरी पडली तर दुसरी टाकता येते. स्पेक्ट्रम नव्याने तयार करता येत नाही. ट्रायच्याच हिशेबानुसार आपल्याकडचा मोबाइल ग्राहक महिन्याला सरासरी वीस जीबीहून अधिक डेटा वापरतो. हा सगळा भार कायम टॉवरनेच वाहायचा, ही अपेक्षा काही दूरदृष्टीची म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण भिंतीची. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले. त्याच्या वेगाचा मुख्य आधार असलेला ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा मोकळ्या जागेत छान चालतो, पण सिमेंट-काँक्रीटच्या भिंती भेदताना दमतो. रस्त्यावर सुसाट चालणारा फोन आतल्या खोलीत, जिन्याखाली किंवा तळमजल्यावरच्या मागच्या ब्लॉकमध्ये रडतखडत का चालतो, त्याचे हे कारण. शिवाय क्षीण सिग्नलला धरून ठेवण्यासाठी फोनला जोर लावावा लागतो आणि बॅटरी भराभर उतरते. ज्या घरांत साधे बोलणेही तुटत होते तिथे २०१९-२० पासून सुरू झालेली वायफाय कॉलिंगची सोय मोठा दिलासा ठरली. अर्थात राउटर लोखंडी कपाटाच्या मागे दडवला तर वायफायही तितकेच हतबल होते. ‘ती डबी दिसायला बरी दिसत नाही’ म्हणून तिला कोपऱ्यात कोंडणारी घरे कमी नाहीत.

आता पैशांचे पाहू. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, त्यानंतर रोजच्या दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज तीनशे रुपयांच्या आसपास गेला. महिना २८ दिवसांचा असल्याने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. चंद्राच्या कलांवर चालणारे हे पंचांग कंपन्यांना चांगलेच मानवते! म्हणजे एका फोनला वर्षाला ३,९०० रुपये, चार फोनांना १५,६००. घरच्या तारेवरची एखादी स्वस्त जोडणी करासह महिन्याला ४७० रुपये धरली, तर वर्षाचे सुमारे ५,६५० होतात. हे वरचे ५,६५० का भरायचे, हाच घरातला मूळ आक्षेप असतो.

पण समजा, घरातली दोन माणसे रोज बाहेर जातात आणि दोन बहुतेक वेळ घरीच असतात. आजी-आजोबांना वायफाय असताना डेटा लागत नाही, त्यांना फक्त बोलणे हवे. वर्षानुवर्षे कंपन्या त्यांना नको असलेला डेटाही गळ्यात बांधत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले पॅक ठेवण्याची सक्ती केली आणि २०२५ च्या सुरुवातीला ते वर्षाला सुमारे अठराशे रुपयांत मिळू लागले. आता मांडणी अशी होते : बाहेर जाणाऱ्या दोघांचे ७,८००, घरातल्या दोघांचे ३,६०० आणि तारेचे ५,६५०, एकूण १७,०५०. आधीच्या खर्चापेक्षा वर्षाला साडेचौदाशे जास्त, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आत. त्या बदल्यात महिन्याला तीन हजार जीबीहून अधिक डेटा, जो घरातल्या कोणालाही, कोणत्याही यंत्रावर वापरता येतो. चांगल्या प्रतीचा चित्रपट तासाला तीन जीबीपर्यंत डेटा खातो; दीड जीबीवाल्याचा खेळ मध्यंतराच्या आधीच संपतो. मर्यादा ओलांडली की वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे आपण थेट नव्वदच्या दशकातल्या त्या किरकिरणाऱ्या मोडेमच्या जमान्यात परततो. हे पॅक जाहिरातींत फारसे झळकत नाहीत. दुकानदारालाही ते सांगण्यात रस नसतो, मागून घ्यावे लागतात.

तरीही हा हिशेब म्हणजे सगळा प्रश्न नव्हे. सिमकार्डावरचा डेटा एका माणसाचा असतो, वायफाय घराचे असते. हा फरक २०२० च्या टाळेबंदीत लख्ख दिसला. शाळा फोनवर आली आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन वडिलांच्या खिशात. ते कामावर निघाले की इंटरनेटही त्यांच्याबरोबर निघाले. दोन मुले असतील तर फोन बहुधा मुलाच्या हाती गेला आणि बहिणीने थांबायचे. कोकणात मुले सिग्नलसाठी डोंगरमाथ्यावर जाऊन बसली, तिथे डेटा असून उपयोग नव्हता. वायफायने फोनांची संख्या वाढत नाही हे खरे, पण रिचार्ज नसलेला जुना फोन, शाळेचा टॅब, कोणाचा तरी सेकंडहँड लॅपटॉप त्यावर जिवंत होतो. त्यासाठी कोणाकडे हॉटस्पॉट मागावा लागत नाही. घरातल्या बाईला ‘तुझा डेटा संपला कसा?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागत नाही, ही गोष्टही लहान नाही.

उलट बाजूही आहेच. पुण्यात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, दिवसभर रस्त्यावर असणारा रिक्षाचालक किंवा घरपोच जेवण पोहोचवणारा मुलगा, यांना वायफायची गरज नाही. त्यांच्यासाठी सिमकार्डच घर आहे. वीज गेली की राउटर क्षणात मुका होतो, टॉवर मात्र बॅटरीवर आणि डिझेलवर काही तास तग धरतो. भारनियमन सोसणाऱ्या गावात हा मुद्दा निर्णायक ठरतो. आणि तार मुळात आलीच नसेल तर? २०२३ पासून कंपन्या ‘एअरफायबर’ विकू लागल्या : गच्चीवर यंत्र बसवायचे, ते टॉवरचे फाइव्ह-जी पकडते आणि घरात वायफाय करून वाटते. मोबाइल डेटा की वायफाय, हा वादच तिथे निरर्थक होतो. भार मात्र पुन्हा टॉवरवरच पडतो.

घराबाहेरच्या वायफायचे काय झाले, हे मात्र सांगायला हवे. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गुगलने मुंबई सेंट्रलवर मोफत वायफाय सुरू केले. फलाटावर बसून स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारी मुले तेव्हा बातमीचा विषय झाली होती. चारशे स्थानकांपर्यंत ते पोहोचले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने, मोबाइल डेटा आता पुरेसा स्वस्त झाला आहे, असे सांगून अंग काढून घेतले. रेलटेलने सेवा पुढे चालवली, तरी तो उत्साह राहिला नाही. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे स्वप्न पाहिले होते. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. कल्पना जुन्या पिवळ्या पीसीओसारखीच. चहावाल्याने, किराणा दुकानदाराने परवान्याविना, नोंदणी शुल्काविना दहा-वीस रुपयांत इंटरनेट विकायचे. कोटी दूरच, केंद्रे काही लाखांतच अडकली. कारण टपरीवाल्याला जोडणी घरगुती दराने नव्हे, मोठ्या कंपनीच्या कार्यालयाला लावतात त्या चढ्या दराने घ्यावी लागत होती. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी या दुकानदारांकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक पैसे घेता येणार नाहीत. दर वाढून डेटा पुन्हा महाग वाटू लागला आहे, अशा वेळी हा आदेश आला. तो चार वर्षे आधी निघाला असता, तर स्वस्त डेटाचे दिवस सरताना गल्लीतल्या चहावाल्याकडे दहा रुपयांचे कूपन मागायची सवय लोकांना लागलेली असती.